वृषभप्रतिमा, तय्यब मेहतांच्या चित्रांतील

विख्यात आधुनिक भारतीय चित्रकार तय्यब मेहता (१९२५–२००९) यांच्या चित्रसृष्टीत सुमारे पन्नास वर्षे पुनःपुन्हा अवतरलेली प्रतिमा. पाय जखडून जमिनीवर पाडलेला बैल हे तिचे मूळ रूप. १९५६ मधील ट्रस्ड बुल (जखडलेला वृषभ) हे या प्रतिमेचे आरंभीचे महत्त्वाचे तैलचित्र असून, २००५–०७ या अखेरच्या वर्षांतील बैलांच्या द्विफलक चित्रापर्यंत तिचा माग काढता येतो. आधुनिक चित्रातील प्राणिप्रतिमेचा अर्थ कसा लावावा, या प्रश्नाच्या अभ्यासास ही चित्रे विशेष उपयुक्त आहेत. कारण त्यांत प्राणी बहुधा तोच राहतो, परंतु त्याचा रूपबंध वेळोवेळी बदलतो आणि त्याबरोबर प्रतीकार्थही पालटत जातो.

पार्श्वभूमी : तय्यब यांचा जन्म गुजरातमधील कपडवंज येथे एका दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. त्यांचे बालपण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात गेले. तरुणपणी काही काळ त्यांनी चित्रपट-संकलनाचे काम केले. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेऊन १९५२ मध्ये त्यांनी पदविका मिळविली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सैयद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व सदानंद बाक्रे यांनी १९४७ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’ या गटाशी त्यांचा निकटचा संबंध आला. तत्कालीन शासकीय कलाशिक्षणातील वास्तवदर्शी पद्धती आणि बंगाल संप्रदायाची पुनरुज्जीवनवादी भावमधुरता या दोहोंपासून दूर जाऊन चित्राच्या स्वायत्त भाषेचा शोध घेणे, हे या गटाचे धोरण होते. त्यासाठी घनवाद, अभिव्यक्तिवाद इ. यूरोपीय संप्रदायांचा अभ्यास त्यांनी आवश्यक मानला.

याच सुमारास घडलेल्या एका घटनेचा तय्यब यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १९४७ च्या फाळणीच्या काळात मुंबईत दंगली उसळल्या असता, महंमद अली रस्त्यावरील एका इमारतीच्या खिडकीतून, जमावाने एका तरुणाला ठेचून मारल्याचे दृश्य त्यांनी पाहिले. त्यानंतर ते आजारी पडले व ते दृश्य आयुष्यभर आपला पाठलाग करीत राहिले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. तथापि त्या प्रसंगाचे थेट चित्रण त्यांनी केले नाही. प्रसंग न रंगविता त्याचा दाह व्यक्त करील अशी प्रतिमा त्यांना हवी होती. ती त्यांना वृषभात सापडली.

प्रतिमेचे उगमस्थान : जखडलेल्या बैलाच्या प्रतिमेमागे दोन भिन्न स्रोत दाखविता येतात. पहिला स्रोत कलेतिहासातील होय. लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्ये ईजिप्तच्या उत्थित शिल्पांतील बांधलेला बैल पाहून आपण आरंभीची रेखाटने केली, असे तय्यब सांगत. दुसरा स्रोत प्रत्यक्ष निरीक्षणाचा. मुंबईतील कत्तलखान्यात बैलाचे पाय बांधून त्याला खाली कसे पाडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. धिप्पाड जनावर क्षणार्धात आडवे होते व त्याची सारी शक्ती दोरखंडात अडकून पडते, हा अनुभव त्यांना चटका लावून गेला.

या दोन स्रोतांची तुलना उद्‌बोधक ठरते. ईजिप्तच्या प्राचीन राज्यकाळापासून थडग्यांच्या भिंतींवर बांधलेल्या बैलांची दृश्ये कोरलेली आढळतात. मृताला परलोकात अन्नाचा अखंड पुरवठा व्हावा, हा त्यांचा हेतू. तेथील बैल निश्चल व सुबकपणे रेखलेला असून त्याचे बंधन समृद्धीची ग्वाही देते. तय्यब यांच्या चित्रात शरीराची ठेवण जवळजवळ तीच आहे. परंतु तिच्यातून प्रतीत होते ती घुसमट. प्राणी व त्याची अवस्था ही दोन्ही समान असूनही अर्थ विरुद्ध टोकाला जातो. यावरून प्रतीकार्थ केवळ विषयात वा ठेवणीत साठविलेला नसतो. रेषा, रंग, पोत आणि चित्रावकाश यांच्या परस्परसंबंधांतून तो सिद्ध होतो, हे स्पष्ट होते.

१९५६ च्या चित्राचा रूपबंध : तय्यब यांच्या पहिल्या कालखंडातील शैली दाट रंगलेपनाची आहे. रंगाचे थरावर थर देऊन पृष्ठभागाला जडत्व आणणे, मातकट व करड्या छटांना प्राधान्य देणे आणि आकार कोनात्मक खंडांत मोडणे, ही तिची लक्षणे होत. या चित्रात बैल एकटाच आहे. त्याला पाडणारे हात, सुरा, रक्त किंवा कत्तलखान्याची वास्तू यांपैकी काहीही त्यात दाखविलेले नाही. शरीराचे खंड एकमेकांत रुतल्यासारखे भासतात व अवयवांची नैसर्गिक संगती तुटते. घनवादी चित्रकाराने वस्तूचे अनेक बाजूंनी एकसमयी दर्शन घडविण्यासाठी आकार फोडले. तय्यब यांनी त्याच साधनाने आवळलेपण दाखविले. येथे आकारांचे तुटणे हे दृष्टिकोनांच्या विविधतेचे द्योतक नसून देहावर पडलेल्या ताणाचे द्योतक आहे.

दाट रंगलेपनाचेही येथे विशिष्ट कार्य आहे. जनावराचे वजन पाहणाराला स्पर्शगम्य वाटते. ते वजन पायांवर तोललेले नसल्याने ते बळ न राहता ओझे बनते. वृषभाची पारंपरिक थोरवी त्याच्या उभ्या ठाकण्यात असते. वशिंड, मान व शिंगे यांची चढती रेषा भारतीय शिल्पात व मुद्रांत सर्वत्र दिसते. तय्यब यांच्या चित्रात ही चढती रेषाच नाहीशी झालेली आहे.

मराठी भाषेतील शब्दभेद या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगा आहे. खच्ची करून कामास जुंपलेला तो बैल आणि मोकळा, प्रजननक्षम तो वळू, असा भेद शेतकरी कटाक्षाने करतो. ‘बैल’ या शब्दात ताबेदारी आधीच गृहीत असते. चित्राच्या मूळ इंग्रजी शीर्षकातील शब्द वळूचा वाचक आहे. बंधनात पडलेली शक्ती मुळात अखंड व अदम्य होती, हा अर्थ ‘वृषभ’ या शब्दाने अधिक नेमका व्यक्त होतो.

भारतीय परंपरेतील संदर्भ : भारतात वृषभाची प्रतिमा फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील वशिंडधारी बैल सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या शिल्पांत बैलांची जोडी जुंपलेला रथ असून त्याबरोबर हत्ती, गेंडा व रेडा यांच्याही प्रतिमा आहेत. पुढे शिवमंदिरासमोरील नंदी हे वृषभाचे शांत, आसनस्थ रूप रूढ झाले. तर पोळ्याच्या सणात कष्टकरी बैलाची वर्षातून एकदा पूजा होऊ लागली. या सर्व परंपरांत वृषभ सामर्थ्य, सुपीकता, निष्ठा वा श्रम यांचे प्रतीक आहे. तय्यब यांची प्रतिमा यांपैकी एकाही संकेतावर उभी नाही. मात्र पाहणाराच्या मनात हे संकेत असल्यामुळेच पाडलेला बैल पाहून बसणारा धक्का अधिक तीव्र होतो. परंपरा येथे अर्थ पुरवीत नाही; अपेक्षा निर्माण करते आणि चित्र त्या अपेक्षेचा भंग करते.

पाश्चात्त्य कलेशी तुलना : कापलेल्या जनावराचे चित्रण पाश्चात्त्य कलेतही आढळते. रेम्ब्रँटच्या कापलेला बैल (१६५५) या चित्रात व विसाव्या शतकात सूटीनच्या चित्रांत टांगलेले मांस दिसते. तेथे मृत्यू होऊन गेलेला आहे. तय्यब यांनी मृत्यूपूर्वीचा क्षण निवडला असून तो क्षण संपत नाही. फ्रांट्स मार्क या जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकाराने प्राण्यांना शुद्ध, निरागस जीवनाचे प्रतीक मानले व रंगांना ठरावीक अर्थ दिले : निळा पुरुषतत्त्वाचा व आध्यात्मिक, पिवळा स्त्रीतत्त्वाचा, तर तांबडा जडद्रव्याचा. त्याच्या प्राण्यांची नियती (१९१३) या चित्रात तिरकस रेषांनी अरण्य व प्राणी छेदले गेले आहेत. तीन वर्षांनी व्हर्दनच्या रणभूमीवर तो मारला गेला. तय्यब यांच्या चित्रात रंगांची अशी संकेतावली नाही. तिरकस रेषेच्या छेदाशी मात्र त्यांच्या पुढील चित्रांचे साधर्म्य दिसते. पिकासोच्या गेर्निका (१९३७) मधील बैल व घोडा यांच्या अर्थाविषयी समीक्षकांत दीर्घकाळ वाद झाला. बैलाला एकच ठरीव अर्थ देण्याचे स्वतः पिकासोनेही वेळोवेळी टाळले. आधुनिक चित्रातील प्राणी म्हणजे कोशात अर्थ पाहून उलगडावयाचे चिन्ह नव्हे, हे या वादातून निष्पन्न झाले.

हुसेन यांच्या घोड्यांशी केलेली तुलनाही उपयुक्त ठरते. त्यांचे घोडे मान मागे टाकून उधळलेले, मुक्त ऊर्जेचे वाहक आहेत. एकाच शहरात, एकाच पिढीत व एकाच मित्रमंडळात घडलेल्या या दोन चित्रकारांपैकी एकाने प्राण्याच्या द्वारे ऊर्जेचा उद्रेक रंगविला, तर दुसऱ्याने तिचा कोंडमारा.

प्रतीकार्थाचे विविध अन्वयार्थ : या प्रतिमेचे मुख्यतः तीन अन्वयार्थ मांडण्यात येतात. पहिल्यानुसार बांधलेला वृषभ हा फाळणीच्या हिंसाचाराचा बळी होय. चित्रकाराच्या चरित्राचा त्यास आधार आहे. दुसऱ्यानुसार तो नवस्वतंत्र देशाच्या अवरुद्ध शक्तीचा द्योतक आहे. प्रचंड सामर्थ्य जखडून पडल्याची भावना तय्यब यांनीही बोलून दाखविली होती. तिसऱ्या अन्वयार्थानुसार ही मानवी अस्तित्वाच्या अगतिकतेची प्रतिमा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अस्तित्ववादी विचारसरणीशी तिचे नाते जोडले जाते.

हे तीनही अर्थ संभवनीय असले, तरी त्यांची कसोटी चित्राच्या रूपबंधावरच लावली पाहिजे. चित्रात मारेकरी दिसत नाही. बळीची जात, धर्म वा पक्ष सुचविणारी एकही खूण नाही. त्यामुळे पाहणारास कोणाची तरी बाजू घेऊन मोकळे होता येत नाही. जमावाच्या हिंसेत माणसाची ओळख त्याच्या नावावरून व वेशावरून ठरते. प्राण्याच्या प्रतिमेत ती ओळखच उरत नाही व केवळ देहाची यातना शिल्लक राहते. मानवाऐवजी प्राण्याची योजना करण्याचे प्रयोजन येथे आढळते. दंगलीचे वृत्तचित्र काढले असते, तर ते एका घटनेपुरते मर्यादित राहिले असते.

याच कारणास्तव चित्राला बाहेरून चिकटविलेले अर्थ सावधपणे तपासावे लागतात. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण अधिनियमाने गायींच्या, तर २०१५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस मनाई झाली. या वादाच्या पार्श्वभूमीवर आजचा प्रेक्षक १९५६ च्या चित्राकडे पाहतो. परंतु गोवंशाविषयीची धार्मिक भावना वा तिचा प्रतिवाद, यांपैकी कशाचाही पुरस्कार हे चित्र करीत नाही.

शैलीतील परिवर्तन : १९५९ ते १९६४ या काळात तय्यब यांचे वास्तव्य लंडनमध्ये होते. १९६५ च्या सुमारास ‘कोसळती मानवाकृती’ हा विषय त्यांच्या चित्रांत आला व त्यावरील चित्रास नवी दिल्ली येथील पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात (१९६८) सुवर्णपदक मिळाले. १९६८ मध्ये अधिछात्रवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. तेथे बार्नेट न्यूमन याची सपाट, विस्तीर्ण रंगक्षेत्रांची चित्रे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाली व त्यांच्या शैलीस कलाटणी मिळाली. दाट रंगलेपन गेले, एकसंध रंगांची स्वच्छ क्षेत्रे आली. १९६९ च्या सुमारास चित्रफलक तिरकस छेदणारा कर्ण त्यांच्या चित्रांत प्रविष्ट झाला. त्यामुळे आकृती दुभंगली, तिचे भाग विस्थापित झाले, आणि आधी दोरीने केलेले बंधनाचे कार्य आता चित्राची रचनाच करू लागली.

यातील अर्थपरिवर्तन महत्त्वाचे आहे. १९५६ च्या चित्रातील यातना देहाच्या वजनातून जाणवत होती. नंतरच्या चित्रांतील यातना रेषेच्या अचूकपणातून जाणवते. रंग शांत, कडा रेखीव, पृष्ठभाग निर्मळ. आणि त्याच्या मधोमध मोडलेला देह. या विरोधामुळे हिंसेचे स्वरूप क्षणिक आवेगाचे न राहता तिला एका थंड, स्थायी व्यवस्थेचे रूप येते.

१९७० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी तय्यब यांनी कूडल हा कृष्णधवल लघुपट निर्माण केला. या तमिळ शब्दाचा अर्थ संगम वा एकत्र येण्याचे ठिकाण असा आहे. त्यात मुंबईच्या वांद्रे येथील कत्तलखान्यातील दृश्ये असून शहरी गर्दीच्या दृश्यांशी त्यांची सांगड घातली आहे. फिल्मफेअरचे समीक्षक पारितोषिक या लघुपटास लाभले. पुढे १९७१ मध्ये देवनार येथे नवा कत्तलखाना सुरू झाला. चित्रात न दाखविलेली कत्तलीची प्रत्यक्ष क्रिया त्यांनी चित्रपटात दाखविली, ही गोष्ट लक्षणीय आहे. चित्रपट काळात उलगडतो, म्हणून तेथे घटना दाखविता येते. चित्र स्थिर असते, म्हणून तेथे अवस्था दाखवावी लागते, हा माध्यमभेद त्यांनी काटेकोरपणे पाळला.

बालपणी कोलकात्यात पाहिलेल्या हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाची प्रतिमाही त्यांनी दीर्घकाळ हाताळली. रिक्षा व माणूस यांचे अवयव तीत परस्परांत गुंतलेले असतात. १९९९ मधील एका चित्रात या रिक्षेवर बैल आलेला दिसतो. ओझे वाहणारा आणि ओझे झालेला असे दोन्ही जीव येथे एकत्र येतात. त्याच वर्षीच्या आणखी एका चित्रात वृषभ कोसळत्या मानवाकृतीसारखा अवकाशात खाली येताना दाखविला आहे.

महिषासुर : १९८४–८५ मध्ये तय्यब यांनी शांतिनिकेतन येथे निवासी कलावंत म्हणून वास्तव्य केले. त्यानंतर कालीच्या व पुढे १९९०–२००० या दशकात महिषासुराच्या चित्रांना आरंभ झाला. महिषासुरमर्दिनी हा भारतीय शिल्पातील प्रमुख विषय असून वेरूळ व महाबलिपुर येथील शिल्पपट प्रसिद्ध आहेत. तुळजापूरची भवानी ही याच रूपात पूजिली जाते. महाबलिपुरच्या शिल्पात देवी व असुर समोरासमोर असून असुराचे मस्तक रेड्याचे आहे. अन्यत्र छिन्न रेड्याच्या धडातून मानवाकार असुर बाहेर पडताना दिसतो. विजय व पराजय यांतील अंतर अशा शिल्पांत स्पष्ट असते. तय्यब यांच्या चित्रांत ते पुसले जाते. देवी व असुर यांचे हातपाय असे गुंफलेले असतात, की कोणता अवयव कोणाचा हे चटकन ठरविता येत नाही. झुंज व आलिंगन यांतील सीमारेषा लोपते.

महाराष्ट्रातील वाचकास हा अर्थ अपरिचित वाटू नये. येथील खेड्यांच्या शिवारात म्हसोबाची ठाणी असून त्याचे नाते महिषाशी जोडले जाते. मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात दा. ध. कोसंबी यांनी असे दाखविले आहे, की एके ठिकाणी देवी ज्याला ठार करते, तोच म्हसोबा अन्यत्र देवीचा पती म्हणून पूजिला जातो. पशुपालक व अन्नसंकलक समूहांच्या संघर्षाचा व समेटाचा तो अवशेष होय, असे त्यांचे प्रतिपादन. तय्यब यांनी या लोकपरंपरेचा आधार घेतला असे म्हणता येत नाही. तथापि वध व मीलन यांचे अद्वैत पुराणकथेत पूर्वापार संभवत होते आणि चित्रकार स्वतंत्र मार्गाने त्याच आशयापर्यंत पोहोचला, असे म्हणता येते.

वृषभप्रतिमेच्या दृष्टीने येथे निर्णायक बदल घडतो. आरंभीचा प्राणी निखळ बळी होता. महिष हा स्वतः आक्रमक, असुर आहे. तरीही त्याची रेषा जखडलेल्या बैलाच्याच कुळातील आहे. त्यामुळे १९४७ मध्ये खिडकीतून पाहिलेल्या हत्येत मारणारा व मरणारा यांच्यात जी स्पष्ट विभागणी दिसत होती, ती पन्नास वर्षांनंतरच्या चित्रांत तितकी सोपी राहत नाही. हिंसा दोघांनाही एकाच आकृतीत बांधून टाकते, असे ही चित्रे सुचवितात.

मूल्यमापन : तय्यब यांची चित्रसंख्या मर्यादित आहे, मनास न पटलेली चित्रे ते स्वतः नष्ट करीत. त्यांना कालिदास सन्मान (१९८८) व पद्मभूषण (२००७) हे बहुमान लाभले. महिषासुर (१९९७) हे चित्र २००५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सु. १५·८ लक्ष डॉलरना विकले गेले व दहा लक्ष डॉलरचा टप्पा ओलांडणारे ते पहिले आधुनिक भारतीय चित्र ठरले. ट्रस्ड बुल ला एप्रिल २०२५ मधील लिलावात ६१·८ कोटी रुपये किंमत आली. अशा आकड्यांमुळे चित्रांची प्रसिद्धी वाढली. परंतु ‘फाळणीचे चित्र’ यासारख्या सोयीस्कर ओळखीत त्यांचा आशय संकुचित होण्याचा धोकाही वाढला.

वृषभ म्हणजे अमुक, असे एकच समीकरण या चित्रांच्या बाबतीत मांडता येत नाही. दाट रंगलेपात तो यातनेचे वजन आहे, सपाट रंगक्षेत्रात तो मोडलेली रेषा आहे, तर महिषाच्या रूपात तो वधकर्त्या देवीशी एकजीव झालेला देह आहे. बंधन हे सूत्र मात्र सर्वत्र कायम राहते. चित्रकाराने प्रथम ते विषय म्हणून स्वीकारले आणि हळूहळू चित्ररचनेचे तत्त्व बनविले. भारतीय आधुनिक चित्रकलेत रूपबंध व नैतिक आशय यांची इतकी चिवट आणि दीर्घकाळ टिकलेली सांगड क्वचितच आढळते.